हो तर, ओळखलं ना

लग्नाच्या मांडवात एखादी बाई समोर येऊन उभी राहते आणि विचारते, "ओळखलंस का?" आपल्याला काही म्हणता काही आठवत नसतं. नाव नाही, गाव नाही, नातं तर नाहीच नाही. तरी आपण तोंडभर हसतो आणि म्हणतो, "हो तर, ओळखलं ना. असं कसं विसरेन?" मग ती बाई जे जे सांगत जाते त्याला आपण मान डोलावत जातो. "नाही हो, नाही ओळखलं" असं तोंडावर सांगणारा माणूस आपल्याकडे उद्धट ठरतो. उद्धट ठरण्यापेक्षा थोडं खोटं बोललेलं परवडलं, हे आपल्याला पाया पडण्याबरोबरच शिकवलेलं असतं.

'धागा' नावाचं यंत्र आपल्या मुलखात इतकं का चाललं, त्याचं कारण एवढंच. ते आधी परदेशात विकायला काढलं होतं. तिकडची माणसं सरळ सांगायची, माफ करा, तुम्ही मला आठवत नाही. झालं, गाडी तिथंच अडायची. कंपनी गाशा गुंडाळायच्या बेतात होती, तेवढ्यात कुणीतरी ते पुण्यात आणून पाहिलं. इथं कुणी नाही म्हणालंच नाही. चार-पाच वर्षांत ते गावोगावच्या कॉलेजांत पोचलं, आणि अन्वी मगदूम सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आली तोवर 'व्यावसायिक संपर्क कौशल्ये' या नावाखाली सक्तीचंही झालं होतं.

अन्वी वारणाकाठच्या मळेवाडीची. वडील ती पाळण्यात असतानाच गेले. घरात आई आणि नऊ वर्षांनी मोठा भाऊ सन्मती. मुलगी अभ्यासात बरी, पण चार माणसांत गेली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. आदल्या वर्षी कॉलेजात कंपन्यांच्या लोकांचा मेळावा झाला, तेव्हा सगळा वेळ ती इडलीच्या टेबलापाशी बशी धरून उभी होती. कुणाशी एक शब्द बोलली नाही. शेवटी वाढप्यानंच तिला विचारलं, "ताई, अजून एक देऊ का?" ही गोष्ट तिची खोलीतली मैत्रीण रुक्सार नदाफ हिनं वर्षभर सगळ्यांना सांगून खिदळून घेतलं होतं.

प्लेसमेंट बघणारे इनामदार सर पहिल्या तासाला म्हणाले, "मार्क सगळ्यांनाच असतात. ओळख कुणाला आहे ते सांगा. समोरच्या साहेबाला तुम्ही त्याच्या जुन्या आयुष्यातले वाटला पाहिजेत. नोकरी परक्याला कुणी देत नाही, घरच्याला देतात."

मग त्यांनी एकेकाला शेंगदाण्याएवढं यंत्र वाटलं. ते कानामागं बसवायचं. रुक्सारनं आपलं तसंच डबीत ठेवलं. "मला मेलं नाही जमत. मला कुणी ओळखलंस का विचारलं तर मी नाही म्हणते," ती म्हणाली. सरांनी तिला त्या विषयात काठावर पास केलं.

पहिला आठवडा नुसतं सांगण्यात गेला. आपलं सगळं आयुष्य धाग्याला सांगायचं, लहानपणापासून. शाळा, सहली, आजारपणं, लग्नकार्यं. अन्वीला यंत्राशी बोलायला लाज वाटली नाही. तिनं सगळं सांगितलं, वारणेच्या महापुराचंसुद्धा.

पुढचं काम धाग्याचं. समोर माणूस आला की धागा त्याचा आवाज ओळखायचा, लोकांनी हौसेनं जगाला दाखवलेले लग्नांचे व्हिडिओ, गॅदरिंगचे फोटो, सत्काराच्या बातम्या क्षणात चाळायचा, आणि त्या माणसाच्या नि तुमच्या आयुष्यात कुठं गाठ पडते ते कानात सांगायचा. खरी गाठ क्वचितच निघायची. एरवी धागा 'जवळपास खरी' गाठ काढायचा. तुम्ही दोघं एकाच जत्रेला गेला असाल, एकाच डॉक्टरच्या बाकड्यावर बसला असाल. असाल म्हणजे होतातच, असं धरून बोलायचं.

यामागचं विज्ञान फार अवघड नाही. आठवण म्हणजे ट्रंकेत ठेवलेला फोटो नव्हे. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्यानं घडवतो, आणि घडवताना काही काळ ती मळलेल्या कणकेसारखी मऊ असते. त्या वेळात कुणी तिच्यात बोट खुपसलं तर त्या बोटाच्या खुणेसकट ती पुन्हा घट्ट होते. माणूस आठवायला लागला की त्याचा आवाज संथ होतो, शब्दांमधलं अंतर वाढतं. धागा ते अंतर ऐकायचा आणि नेमक्या क्षणी कानात म्हणायचा, "आता सांग." शिवाय कानामागून मेंदूकडे जाणाऱ्या एका नसेला तो बारीक झिणझिणी द्यायचा. ती बोलणाऱ्याची धडधड थांबवण्यासाठी, असं कंपनी सांगायची. तिनं धडधड थांबायची हे खरंच होतं. पण त्याच झिणझिणीनं त्या वेळी मनात असलेली गोष्ट पक्की रुततेही. म्हणजे ज्याच्या कानामागं धागा, त्याची कणीक जास्तच मऊ. ऐकणाऱ्याच्या आठवणीत तुम्ही शिरता हे सगळ्यांना माहीत होतं. तो तुमच्या आठवणीत शिरतो, हे मात्र कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

अन्वीची जीभ मोकळी झाली. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ती एका मोठ्या कंपनीतल्या शहा मॅडमसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, ओळखलंत का? पन्हाळ्याला शाळेच्या सहलीत मी चुकले होते, तीन दरवाजापाशी रडत होते. तुम्ही मला बसपर्यंत आणून सोडलं होतं."

शहा मॅडमनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "हो तर. ओळखलं ना. केवढीशी होतीस गं."

कामाचं प्रशिक्षण मिळालं, ते त्याच मॅडमच्या कंपनीत. मळेवाडीत आईनं गल्लीभर साखर वाटली. अन्वीला वाटलं, आपण उगीच इतकी वर्षं भीत होतो.

महिन्याभरानं खोलीत कपडे वाळत घालता घालता ती रुक्सारला म्हणाली, "शहा मॅडम म्हणजे देवमाणूस. पन्हाळ्याला मला कडेवर घेऊन बसपर्यंत आल्या होत्या. पायातली चप्पल तुटली तरी."

रुक्सार वळून बघायला लागली. "तुला पवार बाईंनी शोधलं होतं. तूच सांगितलंयस. चप्पल त्यांची तुटली होती. दुसऱ्या दिवशी तू घरून त्यांच्यासाठी चपला घेऊन गेली होतीस, तुझ्या आईच्या."

अन्वी हसली. मग तिचं हसू मावळलं. तिनं डोळे मिटून पन्हाळा आठवून पाहिला. धुकं होतं, दगड ओले होते, आणि समोरून शहा मॅडम येत होत्या. पवार बाई म्हणून कुणी चौथीला शिकवायला होत्या हे तिला ठाऊक होतं, पण त्यांचा चेहरा काही केल्या येईना. मेंदू आठवणीत नव्या माणसासाठी वेगळी खुर्ची मांडत नाही. जो बसलेला असतो त्याला उठवतो आणि त्याच्या जागी नवा बसवतो.

तिनं धागा काढून टेबलावर ठेवला आणि तशीच इनामदार सरांच्या केबिनमध्ये गेली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "मग बिघडलं काय? पवार बाई तुला नोकरी देणारेत का?"

"सर, पण त्या गेल्या ना माझ्यातून."

"अगं, सगळं डोक्यात ठेवायला आपण काय कोठार आहोत? मला बघ. महाराष्ट्रातला एक उद्योगपती असा नाही जो मला ओळखत नाही." त्यांनी टेबलावरचा फोटो तिच्याकडं फिरवला. त्यांच्याच लग्नातला होता. "हे आमचे भाटियासाहेब. कानपिळीला हेच उभे होते. असा कान पिळला, आठ दिवस लाल होता. आजही फोन केला की आधी कानाची चौकशी करतात."

अन्वीनं फोटो पाहिला. नवरदेवाचा कान धरून एक काटकुळा, मिसरूडही न फुटलेला पोरगा उभा होता, नवरीच्याच नाकाचा, नवरीच्याच हनुवटीचा. भाटियासाहेबांना तिनं मेळाव्यात पाहिलं होतं. ते सहा फूट उंच, सत्तरीचे, अमृतसरचे. कान नवरीचा भाऊ पिळतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"सर, हे तर मॅडमचे भाऊ वाटतात."

सरांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिले, आणि त्यांना तो पोरगा दिसत नाहीये हे अन्वीला स्पष्ट कळलं. "भाऊ आहे म्हणतात खरं तिला कुणी," ते म्हणाले. "त्यावरूनच काहीतरी झालं बघ मध्ये. मिसेस हल्ली माहेरीच असतात." फोटो जागेवर ठेवून ते पुन्हा हसले. "ते असू दे. सोळा तारखेला नीलांबर बॅटरीचे तारळेकर येतायत. जागा एकच आहे. तुझी ओळख निघते की नाही ते बघून ये."

नीलांबर म्हणजे त्या वर्षीची सगळ्यात मोठी कंपनी. अन्वीच्या शाखेतल्या प्रत्येकाचा डोळा त्या जागेवर होता, आणि त्यातले निम्मे तिच्याहून हुशार होते. तिनं दोन दिवस धाग्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लावला. नुसतं विचारून बघू, असं स्वतःला सांगत लावला. धाग्यानं गाठ लगेच काढली. अभिजित तारळेकर हे पंधरा वर्षांपूर्वी कॉलेजात असताना वारणेच्या महापुरात होडीवर स्वयंसेवक होते. मळेवाडीत नव्हते, खाली दोन गावं सोडून होते. जवळपास खरं होतं.

अन्वीनं धागा काढून पुन्हा टेबलावर ठेवला.

महापूर आला तेव्हा ती सहा वर्षांची होती. आई आष्ट्याला मामाकडं गेली होती. सकाळी गल्लीत पाणी नव्हतं, दुपारी उंबऱ्यावर आलं. पंधरा वर्षांच्या सन्मतीनं तिला खांद्यावर बसवलं आणि छातीभर पाण्यातून दूध संस्थेच्या गच्चीकडं निघाला. वाहत आलेला पत्रा त्याच्या डाव्या खांद्यात घुसला, तिच्या पायापासून चार बोटांवर. त्यानं तिला खाली सोडलं नाही. गच्चीवर पोचल्यावर तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला, आणि तिनं झोपू नये म्हणून गल्लीतल्या सगळ्या म्हशींची नावं म्हणायला लावली. चौगुल्यांची मोरी, पाटलांची तांबडी, आण्णांची लंगडी. नावं संपली की पुन्हा पहिल्यापासून. होडी येईस्तोवर. आष्ट्याच्या शाळेत आईनं त्या दोघांना पाहिलं तेव्हा अन्वी त्याच्या मानेला मिठी मारून झोपली होती आणि तिचा फ्रॉक त्याच्या रक्तानं भिजलेला होता.

दादाशी तिचं जे काही होतं ते सगळं या एका दिवसाला टांगलेलं होतं. तो रागावला तरी तिला राग यायचा नाही, तो कधी फोन विसरला तरी वाईट वाटायचं नाही. ज्यानं आपल्याला खाली सोडलं नाही तो आपल्याला सोडणार नाही, असं तिच्या हाडात बसलेलं होतं. आता तो कच्छच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या कामावर होता. वर्षातून एकदा घरी यायचा. फोन तिथं लागला तर लागायचा.

तिनं लावला. लागला नाही. संध्याकाळी त्याचाच निरोप आला, मागं वाऱ्याचा घोंघाट. "काय गं, आई म्हणत हुती मुलाखतीला भ्यालीयास म्हणून. पाण्याला भ्याली न्हाईस, आन् त्या साहेबाला काय भितीस? म्हशींची नावं म्हण मनातल्या मनात. हुतंय सगळं."

तिनं तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. मग रुक्सारला सगळं सांगितलं.

"नको वापरू," रुक्सार म्हणाली.

"दादा आहे ना माझ्याजवळ. जिताजागता आहे. पवार बाईंचं वेगळं होतं. माणूसच आहे म्हटल्यावर एक आठवण गेली तर काय बिघडतं? आणि तू आहेस की. मी विसरले तर तू सांगायचं. रोज सांग पाहिजे तर."

"सांगितलेलं आणि आठवलेलं एक असतं होय गं?" रुक्सार म्हणाली. पण अन्वीनं तिचा हात धरून कबूल करून घेतलं.

मुलाखतीच्या खोलीत तारळेकर कंटाळलेले दिसत होते. सकाळपासून त्यांना बरेच जुने ओळखीचे भेटलेले असावेत. पस्तिशीचा, सौम्य चेहऱ्याचा माणूस. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट होता, आणि कानामागं त्यांच्याही धागा होता.

"सर, ओळखलंत का?"

"हो तर," ते सवयीनं म्हणाले. "म्हणजे, कुठं बरं आपण..."

"मळेवाडीला, सर. महापुरात तुम्ही होडीवर होता."

त्यांच्या हातातलं पेन थांबलं. ते खिडकीकडं बघायला लागले. थांब, धागा अन्वीच्या कानात म्हणाला. मग म्हणाला, आता सांग.

"मी सहा वर्षांची होते. गच्चीवर. तुम्ही मला खांद्यावर घेतलं. गुळाचा खडा दिला तोंडात. म्हशींची नावं म्हणायला लावली." कानामागं झिणझिणी आली आणि तिची धडधड थांबली.

"पिवळा फ्रॉक," तारळेकर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पिवळा फ्रॉक होता तुझा?"

अन्वीच्या अंगावर त्या दिवशी आईनं शिवलेला निळा फ्रॉक होता. हो म्हण, धागा म्हणाला.

"हो सर."

"माझ्या हातातून सुटला होता तो हात." ते तिच्याकडं बघत नव्हते. "होडीत ओढून घेताना. ओला होता, बोटं एवढी एवढीशी होती. इतकी वर्षं मी... लग्न झालं, मुलगी झाली, तिला कधी मी हात धरून रस्ता ओलांडायला नेलं नाही. सुटेल असं वाटायचं." मग त्यांनी वर पाहिलं. डोळे भरले होते आणि त्यात इतकी आशा होती की अन्वीला तिथून पळून जावंसं वाटलं. "पण सुटला नव्हता, होय ना?"

या वेळी धागा काही बोलला नाही. कुणीतरी मुलगी होती. पिवळ्या फ्रॉकमधली, खालच्या गावची, जिचा हात खरोखर सुटला होता. तिला आठवणारा शेवटचा माणूस कदाचित हाच असेल, हे अन्वीला त्या क्षणी लख्ख कळलं. नाही सर, ती मी नव्हे, एवढंच म्हणायचं होतं. उठून जायचं होतं, त्या इडलीच्या टेबलापाशी परत.

"नाही सुटला, सर," ती म्हणाली. "मी आहे की."

नोकरी तिलाच मिळाली. रुक्सारनं शब्द पाळला. रोज जेवताना ती तिला सांगायची, पाणी, पत्रा, खांदा, गूळ, म्हशी, सगळं दादाच्या नावानं. अन्वी लक्ष देऊन ऐकायची आणि तिला ते सगळं पाठही झालं, इतिहासाच्या सनावळ्या पाठ व्हाव्यात तसं. पण डोळे मिटले की ती ज्या खांद्यावर बसलेली असायची त्यावर पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट असायचा.

तारळेकर आईला भेटायला म्हणून मळेवाडीला आले. अन्वीनं टाळून पाहिलं, पण साहेबाला नको कसं म्हणणार. आईनं काचेच्या कपाटातले फुलांचे कप काढले, शिरा केला. तारळेकर वाकून पाया पडले आणि म्हणाले, "काकू, ओळखलंत का?"

दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायची आईची छाती नव्हती. "हो तर," ती म्हणाली, "ओळखलं की. बसा, बसा."

ते बसले आणि सांगायला लागले. आई मान डोलावत गेली. आष्ट्याच्या शाळेचं दार आलं, तिथं आईचा आवाज संथ झाला, शब्द एकेक करून यायला लागले. तारळेकरांच्या कानामागचं यंत्र काम करत होतं हे अन्वीला कळलं. तिनं "आई" अशी हाक मारली. आईनं वळून पाहिलं. "शिरा वाढू का अजून?" एवढंच अन्वी म्हणाली. साहेब समोर बसले होते.

"दिस बुडायच्या आत जेवून जावा," आई त्यांना निघताना म्हणाली. "आमच्यात दिवाबत्तीनंतर जेवत न्हाईत."

ते जेवले आणि नंतर येतच राहिले. रविवारी येताना फळं आणायचे, आईचा चष्मा दुरुस्त करून आणायचे. त्यांच्यासाठीही आता फुलांचा कप निघत नसे, घरच्यासारखा स्टीलच्या पेल्यात चहा मिळे. एकदा अंगणात बसल्या बसल्या ते हसून म्हणाले, "गंमत बघ अन्वी. दर श्रावणात मी वारणेत एक नारळ सोडायचो. न चुकता. यंदा पुलावर गेलो आणि कोणासाठी सोडतो तेच आठवेना. परत घेऊन आलो. काकूंनी चटणी केली त्याची."

अन्वीनंही ती चटणी खाल्ली होती. ती उठून आत गेली आणि अंधाऱ्या माजघरात उभी राहिली. मोरी, तांबडी, लंगडी, ती पुटपुटली. नावं सगळी येत होती. नावं म्हणायला लावणारा आवाज तारळेकरांचा होता.

दिवाळीला सन्मती घरी आला. उन्हानं रापलेला, दाढी वाढलेली, दोन्ही हातांत पिशव्या. बहिणीला नोकरी लागल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. त्यानं तिच्या पाठीत धपाटा घातला, "साहेबीण झालीस की गं" म्हणाला, आणि ती हसली. तिला खरंच बरं वाटलं होतं. कुणी नातलग खूप दिवसांनी भेटला की वाटतं तसं.

दुपारी तो अंगणातल्या हौदापाशी बसला, शर्ट काढून दगडावर टाकला आणि अंगावर पाणी घेऊ लागला. आई टॉवेल घेऊन आली. त्याच्या डाव्या खांद्यावर गळ्याच्या हाडापासून पाठीपर्यंत गेलेला पांढरट, जाड व्रण होता. आईनं त्यावरून हात फिरवला.

"हे कुठं लागलं रे एवढं?" ती कळवळून म्हणाली. "तिकडं समुद्रात व्हय? सांगितलं न्हाईस ते."

सन्मती हसला. त्याला चेष्टा वाटली. आईच्या चेहऱ्याकडं पाहिल्यावर त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्यानं दारात उभ्या असलेल्या अन्वीकडं बघितलं.

"अगं ए, आईला काय झालंय बघ. सांग की तिला. पत्रा, दूध संस्था... तुला आठवतंय न्हवं?"

अन्वीला उत्तर माहीत होतं. रुक्सारनं इतक्या वेळा सांगितलं होतं की ती झोपेतही बिनचूक बोलली असती. त्या खांद्यावर आपण बसलो होतो, हे ती जाणत होती. तिनं त्या व्रणाकडं टक लावून पाहिलं आणि पाण्याचा गारवा, रक्ताचा वास, मानेची ऊब, यातलं काहीतरी यावं म्हणून जीव तोडून आठवलं. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आला. दादा वाट बघत होता. त्याच्या डोळ्यांतली ती घाबरी, आशेनं भरलेली नजर तिनं आधी एकदा पाहिली होती, मुलाखतीच्या खोलीत. तिला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी तिचा चेहरा आपोआप उजळला, ओठांवर हसू आलं.

"हो तर," ती म्हणाली. "आठवतंय ना. असं कसं विसरेन?"

हौदात नळाचं पाणी पडत होतं. सन्मती तिच्याकडं बघत राहिला. तो सूर त्याला ठाऊक होता. मांडवात, बाजारात, कुणा लांबच्या पाहुण्याशी बोलताना त्यानं स्वतः तो हजार वेळा काढलेला होता.

"बरं," तो हळूच म्हणाला. "बरं, बरं."

मग त्यानं टॉवेल घेतला नाही. दगडावरचा शर्ट उचलला, तसाच ओल्या अंगावर चढवला आणि घरात परकं माणूस आल्यावर लावतात तशी गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली.